उजवा कान

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो, न पटो. मी ती कुणाला घाबरवायला सांगत नाही. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून सांगते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं. गच्च्यांवर पोरं पतंगासाठी भांडत होती. गल्लीत दूधवाल्याची म्हैस वाट अडवून उभी होती.

जागा... काशी. मंगला गौरीच्या देवळामागची गल्ली.

साल २००३, कार्तिक महिना.

माझं नाव शरदिनी. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, पंचगंगा घाटाच्या बाजूचं. मी शाळेत शिकवायचे, आता घरी मोहल्ल्यातल्या मुलांना शिकवते. सगळे मला बहनजी म्हणतात. मुलाला एकदा सांगून कळलं नाही तर मी पुन्हा सांगते. पुन्हा नाही कळलं तर आणखी एकदा. त्याचा मला कधी कंटाळा आला नाही, आणि राग तर नाहीच नाही.

राग आला तो त्या दुपारी.

कालिंदीमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर साताऱ्याहून काशीवासाला आली. काशीतच देह ठेवायचा म्हणून इथे येऊन राहिली. आमच्याच घरात, वरच्या खोलीत. एकदा आली ती काशीच्या वेशीबाहेर गेली नाही. नातवाची मुंज भुसावळला झाली, तिथेही गेली नाही.

"आणि रस्त्यात मेले म्हणजे?" म्हणायची. "इतकी वर्षं फुकट."

कारण आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. काशीत जीव जाताना स्वतः विश्वनाथ येतात. वाकतात. आणि माणसाच्या उजव्या कानात तारक मंत्र सांगतात. तो ऐकला की सुटका. म्हणून मरणाऱ्याला उजवा कान वर ठेवून निजवतात.

मावशी तेवढं ऐकायला थांबली होती. दुसरं तिला काहीच नको होतं.

तिचा मुलगा उल्हास. भुसावळला रेल्वेत होता. नोकरी मुदतीआधी सोडली, बायकामुलांना तिकडेच ठेवलं आणि आईजवळ आला. आईवर त्याचा जीव होता, हे मला मान्यच आहे. पण आला तो एक यंत्र घेऊन आला, आणि आमच्या खालच्या खोलीत त्याने 'ध्यान केंद्र' उघडलं.

यंत्र म्हणजे एक छोटा डबा. त्याला एक काळा चष्मा, चष्म्याच्या आत बारीक दिवे. शिवाय दोन्ही कान झाकणारा हेडफोन. डोळे मिटून बसायचं. पापण्यांवर दिवे लुकलुकतात, कानात ठोके पडतात, आणि मन म्हणे आपोआप शांत होतं.

भिंतीवर त्याने पाटी लावली होती. सत्र कुठलं हवं: विश्रांती, झोप, एकाग्रता, उत्साह, गाढ ध्यान. खाली, संगीत कुठलं हवं: पाऊस, समुद्र, बासरी, तानपुरा, देवळाची घंटा.

"खिडकी उघड की," मावशी म्हणाली. "घंटा फुकट ऐकू येते."

"आई, ही स्टिरिओ घंटा आहे."

"म्हणजे काय, दोन्ही कानांनी बहिरं व्हायचं?"

आम्ही हसलो. तेव्हा हसू यायचं.

मग तो माझ्या मुलांच्या मागे लागला. "ताई, इम्तिहानाच्या आधी सगळ्यांना एकाग्रतेचं सत्र देऊ. सोबत बासरी. बघ कसं धडाधड पाठ होतं."

"त्यांना पाढे येत नाहीत, उल्हास. त्यांना पाढे सांगावे लागतात. दिवे लावून काय होणार?"

"तू जुन्या जमान्यातली."

"हो. आणि माझ्या मुलांच्या कानाला हात लावायचा नाही."

मुलांचे कान मी सांभाळले. मावशीचा राहिला.

त्या दिवशी सकाळपासून तिला धाप होती. डॉक्टर पाहून गेले, आता घरीच असू दे म्हणाले. मी तिला कुशीवर निजवलं. उजवा कान वर. केस कानामागे सारले. ती डोळ्यांनीच हसली. बोलवत नव्हतं, तरी कानाकडे बोट केलं आणि मान हलवली. ठीक आहे, असं.

मी बिंदुमाधवाच्या देवळात तीर्थ आणि तुळस आणायला गेले. उल्हास जवळ बसला होता.

परत आले. जिना चढायला लागले, आणि वरून एक आवाज आला...

बारीक. घशातून आल्यासारखा.

समुद्राचा.

मी धावत वर गेले. मावशीच्या डोळ्यांवर तो काळा चष्मा. कडांमधून लाल-निळा उजेड लुकलुकत होता. कानांवर हेडफोन. खोलीभर लाटा फुटत होत्या.

"श्श, ताई," उल्हास म्हणाला. "सत्र चालू आहे. गाढ विश्रांती. किती तळमळत होती गं... आता बघ, कशी शांत झाली."

झाली होती. पूर्ण शांत झाली होती.

मी हेडफोन काढायला गेले, तो निघेना. तिच्या हाताची बोटं उजव्या कानावरच्या गादीखाली घुसलेली होती. घट्ट.

"हे काय?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ही काढत होती का हे?"

"सारखी हात नेत होती तिकडे. मला वाटलं, आवाज कमी येतोय..."

"मग?"

"मग मी वाढवला."

मी आयुष्यात कुठल्या मुलावर हात उचलला नाही. त्या दिवशी पन्नाशीच्या माणसाच्या थोबाडीत मारली. माझ्या हातातलं तीर्थ सांडलं. तो गाल धरून रडत बसला. "तिला बरं वाटावं म्हणून केलं ताई, तिला बरं वाटावं म्हणून..."

मावशीचा चेहरा मी पाहिला आहे. त्यावर बरं वाटल्याची एक रेघ नव्हती. कपाळावर आठी होती. कुणीतरी महत्त्वाचं बोलत असताना मध्येच कुणी गोंगाट करावा, तेव्हा येते तशी.

ती आठी शेवटपर्यंत गेली नाही. चितेवरही...

तेरावं झालं, आणि उल्हासने केंद्र पुन्हा उघडलं.

"रिकामा बसून मी वेडा होईन, ताई."

मी त्याच्याशी बोलत नव्हते.

पहिला माणूस आला तो मोहन. नागपूरचा, बँकेत बदलून आलेला. त्याला झोप येत नसे. त्याने झोपेचं सत्र घेतलं, संगीत पाऊस. मी अंगणात मुलांचं शुद्धलेखन तपासत होते. तो अर्ध्यातच बाहेर आला.

"तुमची मशीन खराब आहे, उल्हासराव. उजव्या बाजूला आवाजच नाही."

"तार ढिली असेल."

"नाही, म्हणजे... आवाज नव्हता, पण..." तो घुटमळला. "फोनवर पलीकडचा माणूस न बोलता नुसता ऐकत असला, की आपल्याला कळतं ना? तसं. कुणीतरी ऐकत होतं."

उल्हास हसला. त्याने नवा हेडफोन आणला.

पुढच्या खेपेला मोहनने तानपुरा निवडला. या वेळी बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठांवर घाम होता.

"आत कुणी बाई आहेत का?"

"कुठे?"

"उजव्या कानात कुणीतरी विचारलं."

"काय विचारलं?"

"'काय म्हणाले?'... एवढंच. मराठीत. दोनदा. दुसऱ्यांदा जरा चिडून."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

मोहन पुन्हा आला नाही.

उल्हासने सत्रं बदलली. विश्रांती लावली, उत्साह लावला. पाऊस, बासरी, घंटा, सगळं लावून पाहिलं. प्रत्येक वेळी माणूस अर्ध्यात उठायचा. डाव्या कानात संगीत नीट वाजायचं. उजव्या कानात ते हळूहळू विझत जायचं... आणि त्या शांततेत कुणीतरी विचारायचं. ज्यांना मराठी येत नव्हतं, ते म्हणायचे, कोई बुढ़िया गुस्से में कुछ पूछती है.

मी वेणीमाधवगुरुजींकडे गेले. आमच्या घरचं सगळं तेच करतात.

"काशीत गेलेला माणूस भूत होत नाही, शरदिनी," ते म्हणाले. "तशी सोयच नाही."

"विश्वनाथ येतात, सांगतात, हे खरं ना?"

"खरंच."

"मग त्यांनी सांगितलं, आणि हिला ऐकूच आलं नाही तर?"

गुरुजींनी पंचांग पुढे ओढलं. मग म्हणाले, "पिशाचमोचन कुंडावर एक विधी करून टाकू."

विधी केला. काही फरक पडला नाही.

शेवटी मीच बसले. दुपारची वेळ. उल्हास नको नको म्हणत होता. मी त्याला बाहेर काढलं, चष्मा लावला, हेडफोन घातला. गाढ विश्रांतीचंच सत्र. संगीत समुद्र.

मिटल्या डोळ्यांपुढे लाल, निळे, पांढरे ठिपके नाचू लागले. दोन्ही कानांत लाटा. मग उजवीकडच्या लाटा मागे सरल्या... लांब गेल्या... गेल्याच.

शांतता.

मग श्वास. धाप लागलेला.

"काय म्हणाले?"

मावशी. कीर्तनात एखादा शब्द निसटला की माझ्याकडे वाकून विचारायची, अगदी तसंच. पण तेव्हा आवाजात गोडी असायची.

"मावशी, मला ठाऊक नाही गं."

"काय म्हणाले?"

मी शिकवणारी बाई. मुलाचं चुकलं, निसटलं, तर पुन्हा सांगायचं, एवढंच मला येतं. मी हात जोडले आणि म्हणायला लागले. "राम... राम... मावशी, माझ्यामागून म्हण..."

"तू नको!"

कानात चाबूक ओढल्यासारखा आवाज.

"ते काय म्हणाले?"

मी हेडफोन ओढून फेकला. कान भाजल्यासारखा झाला होता. आणि मला भीती नाही वाटली, खरं सांगते. मला संताप आला. एका बाईने फक्त एक गोष्ट मागितली होती. आमच्याजवळ पाऊस होता, समुद्र होता, बासरी होती, आणि तेवढी एक गोष्ट नव्हती.

मी दार उघडलं. "जा," मी उल्हासला म्हणाले. "बस आत. तुझी आई काय म्हणते ते ऐक."

"ताई, हा सगळा वहम आहे..."

"मग बस की!"

तो आत गेला. मी उंबऱ्याशी उभी राहिले. तो चष्मा लावून बसला. काही वेळाने मान उजवीकडे कलली. ओठ हलले. "आई, मी आहे... उल्हास..."

मग त्याने दोन्ही हातांनी हेडफोन धरला आणि लहान मुलासारखा ओरडला.

"काय म्हणाली?" मी विचारलं. आणि विचारल्यावर लक्षात आलं, आपण तेच शब्द बोललो.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणाली... आवाज कमी कर."

त्याच संध्याकाळी त्याने राजा घाटावरून यंत्र गंगेत टाकलं. डबा, चष्मा, हेडफोन, सगळं. आठवड्याभरात भुसावळला निघून गेला. त्याची बायको फोनवर सांगते, घरात टीव्ही लावू देत नाहीत. कुणी ताट जोरात ठेवलं तरी कानावर हात घेऊन उठतात.

मला वाटलं, संपलं. खोली धुतली. पाटी काढली. तिथे मुलांचा वर्ग भरू लागला.

पण यंत्राचं काही नव्हतंच. ती यंत्रात नव्हती. ती फक्त उजव्या कानाजवळ होती... कुणाच्याही.

पहिल्यांदा कळलं ते वर्गात. गंगा नावाची एक लाजरी मुलगी आहे. उत्तर मोठ्याने सांगत नाही, येऊन माझ्या कानात सांगते. त्या दिवशी ती उजव्या बाजूला आली, वाकली, आणि थबकली.

"क्या हुआ बेटा? बोल."

ती मागे सरकली. मग वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि तिथून उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मी शाबास म्हटलं.

"उधर से क्यों नहीं बोली?"

"उधर जगह नहीं थी, बहनजी."

त्यानंतर मलाही जाणवायला लागलं. आधी नुसता गारवा. मग स्पर्श. एका फोनला दोघांनी कान लावावेत, तसा कुणाचा तरी कान माझ्या कानाला टेकलेला असतो. थंड. मऊ. पाळीला चीर गेलेला. मावशीच्या कानाची पाळी लहानपणी डूल ओढून फाटली होती, हे मला कुणी सांगायला नको.

आता ती काही विचारत नाही. एक शब्द नाही. नुसती ऐकत असते. माझं वय झालं आहे, माझ्याकडे ते लवकरच येतील, हे तिला कळलेलं दिसतं. या वेळी तिला चुकवायचं नाही.

डॉक्टर म्हणतात, उजव्या कानाने ऐकू येणं जवळजवळ गेलं. वयामुळे.

मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. माझी वेळ आली की उजवा कान वर ठेवा. त्यावर काही घालू नका. टोपी नाही, शाल नाही, काही नाही. सगळे हो म्हणतात.

पण जे आधीच तिथे टेकलेलं आहे, ते कोण काढणार?

काल दुपारी मुलं गेल्यावर माझा तोल सुटला. मी भिंतीकडे तोंड करून ओरडले, "मावशी, मलाही ऐकायचं आहे! जरा सरक!"

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग तो कान... आणखी घट्ट टेकला.