मामाचा अर्धवट डाव

हे खरं घडलंय. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी, माझी हरकत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. वीज गेली नव्हती. वारा सुटला नव्हता. उन्हाळ्यातली भर दुपार होती आणि खिडक्या सताड उघड्या होत्या.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" हे दिवसभर लोकांना विचारते. तुला भास झाला असेल, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलंय.

माझे डोळे ठणठणीत आहेत.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला मामा-मामीने वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मामाचं टेबल, आतल्या खोलीत मामीचं शिवणयंत्र. मामी लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, पुन्हा शिवून द्यायची.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला की ग्रीसचे हात घासून घासून धुवायचा आणि बुद्धिबळाचा पट मांडायचा.

खेळायला नाही. बघायला.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुठेतरी खेळलेले डाव त्याला तोंडपाठ होते. आवडतं गाणं पुन्हा पुन्हा लावावं तसे तो ते लावायचा. त्यातही फक्त हल्ल्याचे डाव. ज्यात खेळणारा स्वतःच्याच सोंगट्या उधळून देतो आणि शेवटी हातात उरलेल्या चिल्लर फौजेने मात करतो.

"सांभाळून सांभाळून काय, कोणीही जिंकेल," तो मला म्हणायचा. "हा बघ. घोडा दिला. हत्ती दिला. आता चक्क वजीर देतोय! आहे का छाती कुणाची?"

मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचा, "अगं, ये ना! बघ तरी काय दिलंय!"

"बघतेय, बघतेय," मामी यंत्र न थांबवता म्हणायची.

ती कधीच बघायला आली नाही.

सोंगटी ठेवायची मामाची एक खोड होती. सोंगटी पटावर टेकवायची आणि चिमटीत धरून जराशी पिळायची. स्क्रू आवळतात ना, तशी.

टक... खर्र.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

त्याचा सगळ्यात लाडका डाव मलाही पाठ झाला होता. पांढरा एकेक सोंगटी काळ्या राजाच्या तोंडासमोर ठेवतो. काळा राजा खातो. खात खात आपलं घर सोडून बाहेर पडतो. एकेक घर पुढे येत थेट पांढऱ्याच्या अंगणात पोचतो. तिथे एक उंट आणि दोन प्यादी त्याची वाट बघत असतात.

"राजाला कोणी ओढत नाही हं," मामा म्हणायचा. "तो आपल्या पायाने येतो."

त्या संध्याकाळी तो हाच डाव मांडून बसला होता. समोर लंबू बसला होता. लंबू म्हणजे मामाच्या हाताखाली काम शिकलेला त्याचा जोडीदार. मामाने घोडा दिला. लंबूने तो काळ्या प्याद्याने मारला. मामा हसला, खुर्चीत मागे रेलला...

आणि पुढची चाल झालीच नाही.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मी सुट्टी काढून मामीकडे राहायला गेले. घरात कोणी रडत नव्हतं. मलाही रडू येत नव्हतं. आम्ही भांडी घासायचो, कपडे वाळत घालायचो, एकमेकींना "जेवलीस का" विचारायचो. सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं चाललं होतं.

पट तसाच होता.

"उचलू का?" मी विचारलं.

"राहू दे," मामी म्हणाली. "त्याच्यावर धूळ बसली तर मी बघेन."

एके दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते. आतून मामीच्या यंत्राची धडधड येत होती. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं.

टक...

मी हात थांबवला.

...खर्र.

यंत्र चालूच होतं. आवाज बाहेरच्या खोलीतून आला होता.

मी फडकं हातात घेऊनच बाहेर गेले. दार आतून बंद. मामाची खुर्ची रिकामी. पटावर पांढरा हत्ती कोपऱ्यातून निघून काळ्या राजाच्या शेजारी उभा होता.

शह.

डावातली पुढची चाल हीच होती.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी नुसती बघत राहिले. मग परत जाऊन ओटा पुसला.

मामीला मी काही बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही. संध्याकाळी पाहिलं तर काळ्या राजाने हत्ती मारला होता आणि मारलेला हत्ती टेबलाच्या कडेला ठेवलेला होता. त्याच्याभोवती शिवणाचा एक निळा दोरा अडकला होता.

मामीच्या यंत्रावर तेव्हा निळंच कापड होतं.

दोन दिवसांनी लंबू भेटायला आला. दारात चपला काढल्या, मामीशी चार शब्द बोलला, बसायला म्हणून खुर्ची ओढली. मग त्याची नजर पटावर गेली.

तो बसलाच नाही.

"हा डाव पुढे कोणी नेला?" त्याने मला हळूच विचारलं.

"का?"

"मी होतो ना समोर. मी बघितलं तेव्हा फक्त घोडा गेला होता. राजा आपल्या घरात होता." त्याने बोट दाखवलं. "हा तर अर्ध्या वाटेवर आलाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच होतं. सकाळपासून आणखी चाली झाल्या होत्या. काळा राजा प्याद्यांच्या रांगेबाहेर, उघड्यावर उभा होता.

"तू खेळतेस का?" लंबूने विचारलं.

"नाही."

"मग वहिनी?"

"तिला घोडा कसा चालतो हेही माहीत नाही."

लंबूने मामाच्या खुर्चीकडे एकदाच पाहिलं. त्या खुर्चीवरची गादी... बसल्यासारखी दबलेली होती.

मी चहा टाकला होता. तो न घेताच गेला. नंतर त्याने फोनही केला नाही.

मी चहाचा कप मामीला दिला. उकळता चहा, काठोकाठ. तिने कप कानाने नाही, अख्ख्या पंजाने धरला. मी बघतेय तोवर तिची बोटं लाल झाली.

"मामी, हात!"

"काय झालं?" ती म्हणाली.

"भाजतंय ना!"

तिने बोटांकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची बोटं असावीत तसं.

"नाही गं," ती म्हणाली. "मला काहीच लागत नाही हल्ली."

मी बॅगेतून छोटा टॉर्च काढला. कामाची सवय. तिला खिडकीपासून लांब बसवलं आणि डोळ्यात उजेड टाकला. उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकसते. माणूस झोपेत असला, बेशुद्ध असला तरी आकसते.

मामीची आकसली नाही.

दुसरा डोळा पाहिला. तोही तसाच. काळा... मोठा... स्थिर.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"मामी, काळ्याच्या चाली तू करतेस ना?"

"हो."

इतकं सरळ म्हणाली की मी टॉर्च खाली घेतला.

"तुला कुठे खेळता येतं?"

"ते पुढ्यात ठेवतात. मी घेते. त्यात यायचं काय?"

"कोण ठेवतं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी होते.

"जन्मभर ते मला हाक मारत राहिले, ये, बघ, काय दिलंय," ती म्हणाली. "मी कधी उठले नाही. माझं शिवणच संपत नव्हतं. आता बघतेय. छान खेळतात गं. मला नव्हतं ठाऊक इतकं छान असतं."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. आनंदही नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती.

"हा डाव कुठे जातो माहितीये का तुला?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे," मामी म्हणाली.

त्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. आतल्या खोलीतलं यंत्र बंद पडलं ते पडलंच. तिची खुर्ची रोज थोडी पुढे यायची. आधी दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर. मग भिंतीपाशी. मग टेबलाला टेकून. ती जेवेना. हात लावला तर गार. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, रक्त तपासायला घेतलं. धक्का बसलाय, वेळ लागेल, म्हणाले.

पण वेळ नव्हता. मला डाव पाठ होता.

आता वजीर येणार होता.

त्या दुपारी मामीचा टेबलापाशीच डोळा लागला. मान छातीवर पडली होती. मी समोर भिंतीला टेकून खाली बसले होते. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

अचानक हॉर्न थांबला.

पंख्याचा आवाज थांबला. पंखा फिरत होता... पण आवाज नव्हता.

टक...

...खर्र.

पांढरा वजीर काळ्या राजाला खेटून उभा होता. मागे कुणाचा आधार नाही. फुकट. घे म्हणून समोर ठेवलेला.

मी वजीर हलताना पाहिला का, असं लोक विचारतात. नाही पाहिला. तो आधी तिथे नव्हता आणि मग होता.

पण मी दुसरं काहीतरी पाहिलं.

वजीर अजून फिरत होता. आपल्याच जागी... जरासा... पिळल्यासारखा. हात दिसत नव्हता.

झोपेतच मामीचा हात टेबलावर आला. बोटं राजाकडे सरकायला लागली. डोळे मिटलेले होते.

वजीर मारला की परतीची वाट नाही. पुढे नुसते शह, एकापाठोपाठ एक, आणि राजा मामाच्या खुर्चीसमोरच्या ओळीत. मामा इथे आला की नेहमी थांबायचा. "इथे काळ्याला एक पळवाट आहे," म्हणायचा. "वजीर नको म्हणायचं. राजा एक घर मागे घ्यायचा. डाव लांबेल, पण वाचेल. पण कोण नको म्हणेल? एवढं समोर ठेवल्यावर?"

मी उठले. मामीच्या बोटांआधी राजा उचलला.

बर्फासारखा होता.

मी तो एक घर मागे ठेवला.

...

काहीच झालं नाही. कुणी किंचाळलं नाही, पट उधळला नाही. पंख्याची घरघर परत आली. रस्त्यावरचा हॉर्न परत आला.

फक्त मामाच्या खुर्चीची गादी हळूहळू वर आली. कोणीतरी उठल्यासारखी.

मामीने डोळे उघडले. पट पाहिला. खूप वेळ पाहिला.

"तू केलंस?" तिने विचारलं.

"हो."

"त्यांनी मला दिला होता."

एवढंच बोलली. त्या संध्याकाळी जेवली. रात्री बोटं चुरचुरतात म्हणून मलम मागितलं. सकाळी मी टॉर्च मारला तर बाहुल्या आकसल्या. मी सुट्टी संपवून कामावर परतले.

मामी सुधारली. यंत्र सुरू झालं, गिऱ्हाइकं परत आली. माझ्याशी मात्र ती बेतानेच बोलायची. पट उचलू का, असं मी पुन्हा विचारलं नाही. तिनेही उचलला नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला. पटावर एकही सोंगटी हलली नाही. मला वाटलं, संपलं.

गेल्या आठवड्यात दुकानात असताना तिचा फोन आला.

"त्यांनी चाल केली," ती म्हणाली.

मी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायची खूण केली.

"मामी, तू हात लावू नकोस. ऐकतेयस ना? काहीही घेऊ नकोस."

"मी कशाला घेऊ?" ती शांतपणे म्हणाली. "मला नाही दिलेलं. मागची चाल तू केली होतीस ना? मग उत्तर तुलाच आहे."

मागे तिचं यंत्र चालू नव्हतं. तरी दुसऱ्या टोकाला काहीतरी बारीक आवाज येत होता.

"काय केलंय?" मी विचारलं.

"दुसरा हत्ती दिलाय," मामी म्हणाली. "राजाच्या डावीकडच्या घरात, तुझ्या पुढ्यात ठेवलाय."

मी अजून गेले नाहीये. जाणारही नाही, असं रोज स्वतःला सांगते.

पण पट मला पाठ आहे. मामीने सांगितलेलं घर मी डोक्यात लावून पाहिलं. आधी ती चूक वाटली. मग रात्री जेवताना अचानक कळलं तो हत्ती तिथे का ठेवलाय. त्यामागून उंटाची तिरपी वाट उघडते, त्यामागून ते कोपऱ्यातलं क्षुल्लक प्यादं... घास तोंडात तसाच राहिला.

ही चाल कुठल्याच जुन्या डावात नाही. ती मामाची स्वतःची आहे. इतकी सुंदर चाल मी आयुष्यात पाहिलेली नाही.

मामा गेल्यापासून मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. दुःख नाही, भीती नाही.

आता वाटतंय.

मला तो हत्ती घ्यावासा वाटतोय.