भागीबाईच्या वाटणीच्या गोळ्या

मोबाईल खाली ठेव रे, नाहीतर सरळ झोपायला जा. ही ऐकीव गोष्ट नाही. माझा मावसभाऊ सावळीराम पेठ तालुक्यात आरोग्यसेवक होता, त्याच्यावरच गुदरलेली. साल दोन हजार नऊ, मार्गशीर्षातली अमावस्या.

त्या संध्याकाळी तो चिमाजीला गोळ्या द्यायला निघाला. चिमाजीला टीबी. पहिल्या उपचाराला औषध घरी न्यायला मिळायचं. तेव्हाच त्याची बायको भागीबाईही खोकायला लागली, पण दवाखान्यात जायची तिला लाज. मग हा शहाणा आपल्यातल्या निम्म्या गोळ्या रोज तिला द्यायचा! भाकरी वाटून खावी, तशा गोळ्या वाटल्या. अर्धवट डोसानं जंतू मरतात होय? उलट माजले. दोघांनाही ते औषध लागू पडेना. दिवाळीत भागीबाई गेली.

मग नाशिकच्या डॉक्टरांनी चिमाजीला नव्या, जहाल गोळ्या दिल्या आणि बजावलं, "आता डोस अर्धा राहिला, तर आमच्या हातात काही नाही." म्हणून सावळीराम रोज समोर बसून गिळायला लावायचा.

थंडी मरणाची होती. सावळीरामनं आत शिरून दाराला कडी घातली. चिमाजीनं निम्म्या गोळ्या गिळल्या नि उरलेल्या मुठीत दाबल्या.

"ह्या तिच्या."

"अहो चिमाजीबाबा, वाटून खाल्ल्या म्हणूनच गेली ना ती! गिळा मुकाट्यानं."

"तुमच्या मागं बसलीय. हात पुढं केलाय तिनं."

सावळीराम वळणारच होता. पण ह्या गोळ्यांनी माणसाला नसतं ते दिसतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तो मागे वळला नाही.

तेवढ्यात मागे कोणीतरी खोकलं...

बाईचा खोकला.

रॉकेलची चिमणी विझली.

अंधार. चिमाजी कण्हला, "नको गं... तुला घे... मला नको..." मग आवाज तोंडातच दाबला गेला. मग एक मोठा घोट.

सावळीरामनं बॅटरी लावली. मूठ रिकामी. जीभ वर करायला लावून त्यानं तोंड तपासलं. एकही गोळी नाही. कडी आतून तशीच.

"तिनंच तोंडात घातल्या," चिमाजी लेकरासारखा रडत होता. "म्हणली, माझ्या पण तुमीच घ्या."

पुढे त्यानं एक डोस चुकवला नाही. बरा झाला, आजही पेठच्या बाजारात भेटतो. गोळ्यांचा भास म्हणून मीही सोडून दिलं असतं. पण जवळून बघा त्याला. दाढी सगळीकडे दाट. फक्त एका गालावर अंगठ्याएवढी जागा, दुसऱ्यावर चार बोटांच्या खुणा... तिथे त्या रात्रीपासून केस उगवलेला नाही.