एकतीस माणसांचा फोन

"माझ्या पेटीवर मोबाईल ठेवायचा न्हाय."

तेर गावच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन उभं राहायला दोन मिनिटं होती, टाळकरी ओळीत आले होते, आणि एक परका माणूस खुशाल माझ्या पेटीवर फोन ठेवून मागं सरकत होता. बाहेर भुरभुर पाऊस. त्याच्या चष्म्यावर थेंब तसेच.

"महाराजांना विचारलंय मी," तो म्हणाला. "फक्त आवाज घेतोय, चेहरे नाहीत."

"महाराज माझे वडील आहेत. पेटी माझी आहे."

"मग कुठं ठेवू?"

"खिशात. कान असतील तर तेवढ्यावर भागतं."

तो हसला... आणि पेटीवरचा रुमाल बाजूला करून मीच फोनला नीट जागा करून दिली. का दिली, पांडुरंगालाच ठाऊक.

आण्णांचं, म्हणजे व्यंकट महाराजांचं कीर्तन ऐकायला आसपासची गावं लोटतात ती एका गोष्टीसाठी. मध्येच ते उपरणं डोक्याला गुंडाळतात, कंबरेवर हात ठेवतात आणि देव न मानणारा होतात. "अरे, दगडाला शेंदूर फासला की देव झाला? मग रस्त्यातल्या मैलाच्या दगडानं काय पाप केलं?" मंडप हसतो. मग उपरणं खांद्यावर येतं, मी सूर धरते, आणि त्या प्रश्नाला असं उत्तर मिळतं की म्हातारी माणसं डोळे पुसतात. त्या दिवशी चष्मा काढून तोही पुसत होता.

मल्हार त्याचं नाव. विद्यापीठात शिकवायचा. गावोगाव फिरून लोकांना विचारायचा, मोबाईलवर काही लिहिलं, बोललं, म्हणून तुम्हाला कुणी गप्प केलं का? नावं लिहायचा नाही, आवाज तेवढे ठेवायचा. येरमाळ्याच्या हरणामावशीकडं मीच त्याला नेलं. तिच्या लेकानं गावातल्या एका बड्या माणसाबद्दल मोबाईलवर चार ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. मल्हारशी तासभर बोलली. मी बाहेर पत्र्याखाली पागोळ्या बघत बसले.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "सगळ्यांना भीती कशाची तेच विचारता. मला न्हाय विचारत?"

"तुम्हाला कशाची भीती?"

"तुमचा अभ्यास संपायची," मी खिडकीकडं बघत म्हणाले.

तेर येईपर्यंत तो माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर धरून बसला.

महिन्याभरानं त्या कीर्तनाचा एक तुकडा मोबाईलवर फिरला. कुणीतरी मंडपातून चोरून काढलेला, चाळीस सेकंदांचा. आण्णा, डोक्याला उपरणं, दगड, शेंदूर... आणि माझी पेटी लागायच्या आधीच कापलेला. खाली लिहिलेलं — महाराज देवाला दगड म्हणतात. तक्रार झाली. निकाल लागेपर्यंत कीर्तन करायचं नाही, असं पोलिसांनी आण्णांकडून लिहून घेतलं. ईट गावच्या सप्ताहाला दिलेली तारीख मोडली, तिथली माणसं तारीख ठरवताना दिलेला नारळ परत मागायला आली. आण्णांनी तो देवापुढून उचलून त्यांच्या हातात दिला, वर चहा पाजला.

पूर्ण कीर्तन एकाच ठिकाणी होतं. मल्हारच्या फोनमध्ये.

त्यानं लगेच नक्कल आणून दिली. ठाण्यातले साहेब म्हणाले, "नक्कल कुणीही जुळवून आणंल. मूळ फोन जमा करा."

"त्यात एकतीस माणसं आहेत," मल्हार मला बाहेर येऊन म्हणाला. "फोन इथं राहिला तर इथला जो तो ऐकंल."

"पुसून टाका की त्यांना."

"पुसलं तर फोनशी खेळ केला म्हणतील, कीर्तनही खोटं ठरंल." त्याचा आवाज बसला होता. "लोकांना शिकवत फिरतो, सगळं एका जागी ठेवू नका. आणि मीच..."

"माझ्या आण्णांपेक्षा ती माणसं मोठी?"

"नाहीत. पण ती माझ्या शब्दावर बोललीत."

मी त्याच्याकडं न बघता निघाले, ती थेट येरमाळ्याला. मावशीनं हो म्हटलं तर बाकीचेही म्हणतील, मग तो काय अडवणार होता?

मावशीनं आधी दार लावलं. मग खिडकी लावली. मग ऐकलं. "महाराजांसाठी दे बाई," ती म्हणाली. "माझं काय. फक्त दोन दिस थांब. पोराला पुण्याला धाडते." बोलता बोलता ती त्याचे कपडे पिशवीत भरायला लागली होती. शर्टाची घडी काही तिला जमत नव्हती.

मी तिच्या हातातून शर्ट घेतला, खुंटीला लावला. "ऱ्हाऊ दे मावशी. मी आलेच न्हवते समज."

घरी येऊन आण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून घडी घातली. मग म्हणाले, "फोन दिला असतास तर मला पुन्हा कीर्तनाला उभं राहता आलं असतं. कोणत्या तोंडानं राहिलो असतो?" आईनं पदर डोळ्याला लावला.

एकादशीला आण्णा घरातच बोलायला बसले. ऐकायला आई आणि दारात संकोचून उभा असलेला मल्हार. मीच बोलावलं होतं त्याला. आण्णांनी अभंग घेतला, निरूपण रंगलं. दगड-शेंदराच्या त्या जागेवर आले, तेव्हा त्यांचा हात उपरण्याकडं गेला... आणि तसाच मांडीवर परत आला. प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. एकदम उत्तर सांगायला लागले. उत्तर तेच होतं, पण आई आज हसली नाही, रडली नाही, नुसती मान हलवत राहिली.

मल्हार माझ्या शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "हे माझ्यामुळं झालं."

"आपल्या दोघांमुळं."

"शिवांजली, तुम्ही मला पुन्हा येऊ नका म्हणालात तरी..."

"तसं म्हणणार न्हाय." मी पेटीचा भाता ओढला. "आण्णांना असं बघत बसणं मला एकटीला जमायचं न्हाय. ते परत उभे राहतील, न राहतील... तोवर इथं बसाल का माझ्यासंगं?"

त्यानं मांडी नीट घातली.

"बसतो," तो म्हणाला.