मधल्या खोलीचा नंबर

वाचून झाल्यावर "ताई, काय रचलंय!" असं खाली लिहू नका. रचायला मला वेळ नाही, आणि तेवढी अक्कलही नाही. हे माझ्यावर बेतलेलं आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात, त्या काही मी रचलेल्या नाहीत.

आणि आधीच सांगते, मी भूत मानत नाही. माझं माहेर दौंडचं. आप्पा रेल्वेत होते. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, अंगारे-धुपारे कधीच नाहीत. "माझी पोरगी अंधाराला भीत न्हाई," असं आप्पा चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

तर, साल दोन हजार दोन. गाव कारेगाव. डिसेंबरची थंडी, आणि पहाटेची वेळ.

माझे मिस्टर विनोद एमआयडीसीत कामाला लागले होते. सासर खुटबावचं. तिथून रोज येणं-जाणं जमेना, म्हणून आम्ही कारेगावात बबनरावांच्या खोल्यांत राहायला आलो. मी, विनोद आणि आमची सीमा. सीमा नुकती रांगायला लागली होती.

खोल्या म्हणजे काय, पत्र्याची एक सलग लाईन. सगळ्यांना मिळून एकच मीटर. वायर इतकी बारीक की एका खोलीत पाण्याचा हिटर लागला की सगळ्या खोल्यांतले बल्ब बारीक व्हायचे. पिवळे, मरगळलेले. आणि दोन हिटर एकदम लागले की फ्यूज उडालाच म्हणून समजा. मग अख्ख्या लाईनीत अंधार, आणि बायकांची तोंडं सुरू.

म्हणून बायकांनीच एक पद्धत पाडली होती.

मीटरकडच्या खोलीपासून नंबर लागायचा. बल्ब बारीक झाला, म्हणजे कुणाचं तरी पाणी तापतंय. आपण थांबायचं. बल्ब मोठा झाला, म्हणजे तिचं झालं. मग पुढच्या खोलीनं हिटर लावायचा.

कुणी कुणाच्या दारात विचारायला जायचं नाही. बल्ब बघायचा, बास.

आमच्या अलीकडची खोली बंद होती. दाराला कुलूप. तिच्या अलीकडे सरूबाई मावशी राहायच्या. म्हणजे मावशींचं झालं की माझा नंबर.

निदान मला तरी तसं वाटलं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मावशींचा बल्ब मोठा झाला, माझाही झाला. मी बादलीत हिटर सोडला, प्लग हातात घेतला...

आणि बल्ब बारीक झाला.

प्लग माझ्या हातातच होता.

"कोण गं मधी घुसलं?" मी दारातून ओरडले. माझा आवाज तसा दणदणीत आहे.

पुढच्या खोल्यांतल्या बायका दारात उभ्या होत्या, पण एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. मावशी हळूच म्हणाल्या, "थांब जरा. व्हईल तिचं."

"कुणाचं?"

मावशी आत निघून गेल्या.

थोड्या वेळानं बल्ब मोठा झाला. मी पाणी तापवलं, सीमाला अंघोळ घातली, विषय संपला.

पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मावशींचं झालं की मध्ये एक नंबर जास्तीचा.

विनोदला सांगितलं तर म्हणाले, "अगं, पहाटे शेतातल्या मोटारी चालू होतात. व्होल्टेज पडतं. त्यात काय एवढं?"

मला पटलं. मी आप्पांची पोरगी, मला असंच पटणार.

तरी मन खातं ना. दुसऱ्या दिवशी बल्ब बारीक झाल्याबरोबर मी बाहेर येऊन रस्त्यापलीकडे बघितलं. समोरच्या किराणा दुकानाचा बल्ब... लख्ख.

मोटारींनी व्होल्टेज पडलं, तर ते फक्त आमच्याच लाईनीत पडतं होय?

मी आत आले. सीमा झोपलेली. सगळीकडे शांत.

आणि मधल्या भिंतीतून... बादलीची कडी वाजली.

मग बारीक गुंई आवाज. पाण्यात हिटर लागला की येतो ना, तसा.

मी भिंतीला कान लावला. भिंत गार होती. आवाज येतच होता. बल्ब मोठा झाला, आणि आवाज थांबला.

त्या दिवशी दुपारी मी मावशींना धरलंच. त्या ज्वारी निवडत होत्या. मी समोर बसकण मारली आणि म्हटलं, "मावशी, आता सांगा. नाहीतर मी इथून उठत नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सुलक्षणा नाव हुतं तिचं. लई गुणाची पोर. नवरा तिसऱ्या पाळीला, घरात येकटीच. पाणी तापलं का बघाया तिनं प्लग न काढताच हात घातला."

"मग?"

"चिकटली. आन् बल्ब बारीकच. आमाला वाटलं, हिचं पाणी अजून तापतंय."

मावशींनी मांडीवरचे ज्वारीचे दाणे झटकले.

"आमी समद्या आपापल्या दारात उभ्या. वरडत हुतो, आटप की गं, किती येळ? मी बी वरडले. तिच्या दारापर्यंत येक बी गेली न्हाई, राजश्री. नवरा आला, तवा कळलं."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

"तवापासनं रोज तिचा नंबर लागतो," मावशी म्हणाल्या. "बबनरावांनी त्या खोलीची वायर तोडून टाकली, तरी लागतो. आमी थांबतो. आमाला दुसरं काय जमणार हाय?"

मी घरी येताना बघितलं. खरंच, बंद खोलीच्या दारावर तोडलेली वायर नुसती लोंबत होती.

रात्री विनोदला सांगितलं. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "बायकांच्या मनाला लागून राहिलंय, म्हणून तसं दिसतं." मीही मान हलवली. आप्पांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते, या विचारानं उलट मलाच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात सीमाची छाती भरली. श्वास घेताना घुरघुर आवाज यायचा. शिरूरला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, लहान जीव आहे, गारठ्यात ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ वाफ द्या, नाहीतर ॲडमिट करावं लागेल. घरात रॉकेलचा टिपूस नव्हता. जे काही होतं ते त्या हिटरवरच.

दुसऱ्या दिवशी विनोद पहिल्या पाळीला निघून गेले. सीमा रात्रभर झोपली नव्हती. तिचे ओठ मला जरा निळसर वाटत होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मावशींचं झालं. बल्ब मोठा झाला.

मग बारीक झाला...

मी थांबले. सीमाला छातीशी धरून थांबले. बल्ब मोठा होईना. रोजच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ गेला. सीमा खोकून खोकून लाल झाली, आणि मग तिचा आवाजच निघेना.

माझं डोकं फिरलं.

मी तिला गोधडीवर ठेवलं आणि तरातरा बाहेर गेले. त्या कुलूप लावलेल्या दारावर दोन्ही हातांनी धडाधडा बडवलं.

"ए बये! मेलीस ना तू? मग माझ्या लेकराच्या जिवावर का उठलीस? आटप की! किती वेळ?"

मावशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

आतून काहीच नाही.

आणि बल्ब मोठा झाला. सगळ्या खोल्यांत एकदम.

"असं बोलू ने गं, राजश्री," मावशी म्हणाल्या. "तिला असंच बोललो हुतो आमी."

मला ऐकायला वेळ नव्हता. मी आत आले, दार लोटलं, प्लग लावला. बल्ब बारीक झाला, आता माझ्या नंबरानं. सीमा गोधडीवरून घुरघुरत माझ्याकडे बघत होती. मी बादलीपाशी बसले. पाणी कधी तापतंय असं झालेलं. खाली फरशी ओली, पायात काही नाही.

आणि मी तेच केलं. सगळं माहीत असून, आदल्या आठवड्यात ऐकलेलं असून, प्लग न काढता पाण्यात बोटं घातली. घाईत माणसाला काही म्हणजे काही आठवत नाही.

कसं सांगू? कुणी तरी आतून सगळ्या शिरा एकदम पिळाव्यात, तसं झालं. बोटं पाण्यात, दुसरा हात बादलीच्या काठाला. दोन्ही सुटेनात. ओरडायचं होतं. दातखीळ बसली होती.

डोळे तेवढे उघडे होते. समोर बल्ब दिसत होता, बारीक.

आणि बाहेरून पुढच्या खोलीतल्या बाईचा आवाज आला.

"राजश्री, आटप की गं! किती वेळ?"

कुणी येणार नव्हतं. बल्ब बारीक होता ना. सगळ्यांना वाटत होतं, माझं पाणी तापतंय.

तेवढ्यात सीमा गोधडीवरून खाली उतरली.

रांगत रांगत माझ्याकडे यायला लागली. ओल्या फरशीवरून. एक हात पुढे करून. तिला मी हवी होते. मला हात लावला की संपलंच. मी मनातल्या मनात किंचाळत होते, नको गं, नको येऊस, माझी बाई, नको. ती येतच होती. तिची बोटं माझ्या पदरापाशी आली...

भिंतीच्या पलीकडे बादलीची कडी वाजली.

गुंई आवाज सुरू झाला.

बल्ब आणखी बारीक झाला. नुसती लाल तार उरली.

आणि फट्!

सगळीकडे अंधार. माझे हात सुटले. मी मागे कोसळले, आणि सीमा माझ्या पोटावर येऊन पडली. गरम, रडणारी, जिवंत. मी तिला असं काही आवळलं की ती आणखीच रडायला लागली.

बाहेर गलका झाला. "कुणी गं दुसरा हिटर लावला? नंबर राजश्रीचा हुता ना?" मग कुणी तरी दार ढकललं, बॅटरी मारली. मावशींनी आधी प्लग उपटला. मग मला मिठी मारून लहान पोरासारख्या रडल्या.

उजाडल्यावर बबनरावांनी मल्हारीला बोलावलं. मल्हारी म्हणजे गावातला वायरमन. त्यानं फ्यूज काढून बघितला.

"दोन हिटर लागले हुते," तो म्हणाला. "येकानं ही तार जळत न्हाई."

एकेका बाईला विचारलं. सगळ्यांनी पोराबाळांची शपथ घेतली. सगळ्यांचे हिटर खुंटीला, कोरडे.

बबनरावांनी कुलूप उघडलं. बंद खोलीत काहीच नव्हतं. ना बादली, ना पाण्याचा थेंब. फरशीवर धुळीचा थर, त्यावर एक पाऊल नाही.

बाहेर येताना मल्हारीनं ती लोंबणारी तुटकी वायर सहज हातात धरली... आणि चटका बसल्यासारखी सोडून दिली.

"काय झालं रे?" बबनरावांनी विचारलं.

"गरम हाय," एवढंच बोलून त्यानं सामान गोळा केलं. चहालाही थांबला नाही.

विनोद म्हणाले, "तुला शॉक बसला, त्यातच लोड वाढून फ्यूज गेला असेल." असेल. तेही शिकलेले आहेत, मी नाही म्हणत नाही. सीमाला त्याच दिवशी शिरूरला ॲडमिट केलं. चार-पाच दिवसांत ती बरी झाली.

दवाखान्यातून परत आले, तेव्हा मावशींनी मला एक सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं पाणी तापलं, बल्ब मोठा झाला. सगळ्या बायका नेहमीसारख्या थांबल्या.

बल्ब बारीक झालाच नाही.

"लई येळ थांबलो," मावशी म्हणाल्या. "कुणाला पुढं हिटर लावू वाटंना. समदी पोरं त्या दिशी गार पाण्यानं न्हाली."

आम्ही ती खोली सोडली. आता खुटबावला आमचं स्वतःचं घर आहे, स्वतःचा मीटर आहे, पाणी गॅसवर तापतं. आप्पांना एकदा सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, रागावतील. पण ते म्हणाले, "भूत न्हाई म्हणायचं तिला. पोर हुती ती कुणाची तरी."

मी भूत मानत नाही. आजही नाही. मग त्या पहाटे हिटर कुणी लावला, हे मला विचारू नका. मी तिला दारात उभं राहून मेलीस ना म्हटलं होतं, एवढंच माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि एक खोड लागली आहे. घरातला बल्ब जरा बारीक झाला, की मी हातातलं काम टाकून शेजारी जाते. मग त्याच्या पलीकडे. विनोद चिडतात, शेजारणी हसतात. "या काकूंना काय झालंय?" म्हणतात.

हसू देत. मी प्रत्येकीच्या दारात जाऊन हाक मारते, आणि ती बाहेर येऊन मला दिसल्याशिवाय परत फिरत नाही.