उड्या मारणारं पॉपकॉर्न आणि सोनेरी केबल

"ब्रश खाली ठेवा! सगळ्यांनी ब्रश खाली ठेवा! होडी चालली!"

मामा मागच्या दारातून असा धावत आला, की त्याची एक चप्पल उंबऱ्यातच राहिली.

"चालली म्हणजे?" ताईने विचारलं. "अजून तिला पाण्यात तर घातलंच नाही!"

"तळ्यावर नाही गं, केबलवाल्या दुकानदाराकडे! उद्या टेम्पो येतोय न्यायला."

परसात पालथ्या घातलेल्या होडीभोवती तीन ब्रश हवेतच थांबले. प्रोफेसरच्या ब्रशातला निळा रंग टपकन त्याच्याच पायावर पडला, पण त्याला पत्ताच नाही. हा प्रोफेसर म्हणजे अकरा वर्षांचा, चष्मेवाला, आणि प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारून मोठ्यांना हैराण करणारा. ताई त्याची मोठी बहीण. आणि नऊ वर्षांची भिंगरी धाकटी. ती एका जागी बसली तर भिंगरी कसली!

तिघं सुट्टीला मामाकडे आली, तेव्हा ही होडी अडगळीत धूळ खात पडली होती. "दुरुस्त केलीत तर तुमची!" असं खुद्द मामाच म्हणाला होता. मग काय! तिघांनी ती घासली, भेगा बुजवल्या, वल्ही ठोकून सरळ केली. भिंगरीने तर त्याहून मोठा पराक्रम केला. "पोहता आल्याशिवाय होडीत पाऊल नाही," अशी मामीची अट होती, आणि भिंगरी तर पाण्याला भयंकर घाबरायची. तरी ती रोज नाक धरून पोहण्याच्या तलावात उतरली, निम्मा तलाव प्यायली, आणि परवाच या कडेपासून त्या कडेपर्यंत पोहून गेली.

"मामा, तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

मामा चुळबुळला. "अगं, होडी काय, पुन्हा मिळेल! पण ही स्पीकरची केबल! शुद्ध तांबं, टोकांना सोन्याचा मुलामा, जाडीला माझ्या अंगठ्याएवढी! किंमत विचारू नका, चक्कर येईल. पण त्या दुकानदाराला होडी हवीच आहे. होडी द्या, केबल न्या, एवढा साधा सौदा! तुम्ही एकदा ऐका तर खरं. चला, आत्ताच्या आत्ता!"

मामा माणूस लाखात एक, पण गाण्याचं वेड असं, की तो ऐकायला बसला की घरात कुकरलासुद्धा शिट्टी वाजवायची बंदी. आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली, की मग देवाचंही ऐकायचा नाही.

दुकानात मऊ सोफा होता, मंद दिवे होते, आणि दुकानदाराचा आवाज तर इतका मऊ, की भिंगरीने दारातच त्याचं नाव 'मखमल' ठेवून टाकलं.

"या साहेब, या! बाळांनो, आधी ऐका ही साधी वायर."

गाणं सुरू झालं. चांगलं वाटलं. मग मखमलने वायर बदलली, एक हात कोटाच्या खिशात घालून डोळे मिटले, आणि पुन्हा तेच गाणं लागलं.

खोटं कशाला बोला? गाणं खरंच जास्त छान वाटलं! ताई सरसावून बसली. प्रोफेसरचं तोंड उघडं पडलं. मामा तर हरवलाच. "अहाहा! पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय!"

"ए मुली!" मखमल एकदम खेकसला. "पॉपकॉर्न कुठे ठेवलंस?"

भिंगरीने आपला पॉपकॉर्नचा काठोकाठ भरलेला कागदी पेला चक्क स्पीकरवर ठेवला होता, आणि त्यातलं पॉपकॉर्न टुणटुण उड्या मारत गालिच्यावर पडत होतं.

"मी नाही सांडलं! ते आपलं आपण उडतंय!" भिंगरी म्हणाली. पण ऐकतो कोण? मामाने तिलाच दटावलं.

घरी येताना मामा शीळ घालत पुढे चालला होता. मागे तिघांची तोंडं पडली होती.

"केबल खरंच चांगली असेल का रे?" ताई हळूच म्हणाली.

"पॉपकॉर्नलाही आवडली," भिंगरी नाक ओढत म्हणाली. "साध्या वायरला गप्प बसलं होतं. सोनेरी लावल्यावरच उड्या मारायला लागलं."

प्रोफेसर रस्त्यातच थांबला. मागून येणारा सायकलवाला त्याच्यावर आदळता आदळता वाचला.

"पॉपकॉर्नला कान असतात का?"

"वेडा आहेस का तू?" ताई म्हणाली.

"नाही ना? मग त्याला चांगलं-वाईट काय कळणार? त्याला एकच कळतं, हादरा! म्हणजे सोनेरी केबल लावली तेव्हा गाणं मोठ्याने वाजत होतं!"

ताईने कपाळावर हात मारला. "आणि त्याचा हात खिशात होता! खिशात रिमोट असणार! लबाड कुठला!"

संध्याकाळी मामा फिरायला गेल्यावर त्यांनी घरीच पडताळा घेतला. ताईला भिंतीकडे तोंड करून बसवलं. प्रोफेसरने एकच गाणं दोनदा लावलं, दुसऱ्यांदा बटण किंचित पुढे सरकवून.

"दुसरं छान होतं. जास्त स्वच्छ," ताई म्हणाली, आणि आपणच खो खो हसत सुटली. "अगंबाई! माहीत असूनही फसले की मी!"

"आता मामाला सांगू या!" भिंगरी उड्या मारू लागली.

"सांगून पटणार नाही," ताई म्हणाली. "त्याच्याच तोंडून वदवलं पाहिजे. मामी, तुझी ती बंद पडलेली इस्त्री कुठे आहे गं?"

मामीने आधी भुवया उंचावल्या. मग सगळा बेत ऐकला, आणि निमूटपणे इस्त्री काढून दिली. वर कात्रीही दिली!

दुसऱ्या दिवशी मखमल केबलचं खोकं घेऊन हजर झाला. मागोमाग टेम्पो. टेम्पोवाला काका थेट परसात जाऊन होडीला दोर बांधू लागला.

"उचलू का?" तो तिथूनच ओरडला.

"थांबा!" ताई म्हणाली. "मामा, आम्हालाही शिकव ना, कान कसा लावायचा ते! आम्ही चादरीआड वायर बदलतो, तू ओळख."

"साहेब, उशीर होतोय," मखमल घाईने म्हणाला. "मुलांचं काय ऐकता?"

"अहो, होऊ द्या की! माझा कान म्हणजे काय चेष्टा आहे?" मामाची छाती फुगली. "बांधा माझे डोळे!"

मामीने टॉवेलने त्याचे डोळे बांधले. चादरीआड प्रोफेसरने पहिली वायर जोडली, आणि गाणं लागलं.

"साधी!" मामाने नाक मुरडलं. "फिकी. निर्जीव. दुसरी लावा."

खुडबुड झाली. पुन्हा तेच गाणं लागलं.

"अहाहा! हीच! हीच ती सोनेरी! काय गोडवा, काय खोली! गायिका जणू समोर उभी आहे!"

"बघा, मी म्हणत नव्हतो?" मखमलने टाळ्या वाजवल्या. "अहो, आमच्या केबलची जादूच तशी! लहान पोरसुद्धा ओळखेल!"

"उचलू का?" परसातून आवाज आला.

"उचला, उचला!" मखमल ओरडला.

"थांबा!" या वेळी भिंगरी ओरडली, आणि तिने चादर खाली ओढली. "मामा, टॉवेल काढ!"

यंत्रापासून स्पीकरपर्यंत एक काळी, मळकी, जुनाट वायर लोंबत होती. शेजारी शेपूट तुटलेली इस्त्री बसली होती. मामाने 'फिकी' ठरवलेली सोनेरी केबल जमिनीवर वेटोळं घालून पडली होती.

मामा बघतच राहिला. "म्हणजे... ती गायिका..."

"इस्त्रीच्या वायरीतून आली होती," मामी शांतपणे म्हणाली. "कानामागून आली आणि तिखट झाली."

मखमलचा चेहरा लालबुंद झाला. "ही फसवणूक आहे! तुम्ही दुसऱ्यांदा आवाज वाढवलात!"



"हो, वाढवला," प्रोफेसर चष्मा सारखा करत म्हणाला. "पण तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर कुणीच सांगितलं नाही!"

"चोराच्या मनात चांदणं!" ताई म्हणाली. "काल दुकानात तुमचा हात खिशात काय करत होता, काका?"

मग भिंगरीने पॉपकॉर्नची सगळी हकिगत सांगितली, अगदी उड्यांसकट. मामा आधी हसला, मग गंभीर झाला.

"पुन्हा बांधा डोळे," तो म्हणाला. "आता आवाज सारखा ठेवा. बघू या, माझा कान तरी खरा आहे का."

आवाज सारखा ठेवून गाणं लागलं. "ही इस्त्री," मामा म्हणाला. गाणं थांबलं, पुन्हा लागलं. "आता सोनेरी! जमीन-अस्मानाचा फरक आहे!"

"मामा," प्रोफेसर म्हणाला, "मी अजून वायरीला हातसुद्धा लावला नाहीये."

हसून हसून मामी खालीच बसली. मामाने टॉवेल काढला आणि भिंगरीजवळ उकिडवा बसला.

"चुकलो मी," तो म्हणाला. "केबलचं एक वेळ सोड. माणूस फसतो. पण तुला दिलेला शब्द मी मोडायला निघालो होतो. तू पाण्याला घाबरत होतीस, तरी उतरलीस, आणि मी..." भिंगरीने त्याच्या गळ्यात हात टाकले.

तोवर मखमल खोकं काखोटीला मारून चालता झाला.

"अहो, आता तरी सांगा!" टेम्पोवाला घाम पुसत दारात आला. "उचलू का नको? त्या साहेबांनी भाडं तर आधीच दिलंय!"

मामीने तिघा मुलांकडे पाहिलं. "हौस तुमच्या मामाची आणि डोकं तुमचं, असं एकत्र असतं तर काय बहार आली असती! शाबास रे बाळांनो! टेम्पोवाले, उचला होडी. पण न्यायची तळ्यावर!"

तळ्यावर होडी पाण्यात उतरली, आणि एक थेंबही आत आला नाही. भिंगरी सगळ्यांत आधी चढली, एकटीने, कुणाचाही हात न धरता. ताई आणि प्रोफेसरने वल्ही घेतली. मामा मध्ये बसला आणि सवयीने त्याने डोळे मिटले. वल्ह्यांखाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं.

"अहाहा!" मामा म्हणाला. "काय स्वच्छ आवाज आहे!"

"हो ना?" पुढून भिंगरी ओरडली. "सांग बघू, कुठली केबल?"