स्वप्नालीचा चौदावा दिवस

चौदाव्या दिवशी दुपारी शालूबाईंनी लेकाला हाक मारली आणि म्हणाल्या, "कृष्णात, जा, पोरीला घिऊन ये."

काम म्हणावं तर साधंच होतं. ओढ्यापलीकडे त्यांचं गुऱ्हाळ होतं, चालत दहा मिनिटांची वाट. लकवा मारल्यापासून दोन वर्षं शालूबाई खाटेवर होत्या. उजवी बाजू गेली होती, पण डोकं शाबूत होतं. उशाशी एक वाटी होती आणि पोरगी गुऱ्हाळात राहायला गेल्यापासून रोज सकाळी डाव्या हातानं तिच्यात एक जोंधळा टाकायचा, असा त्यांचा नेम चालला होता. आज वाटीत चौदा दाणे झाले होते.

"चौदा दिस भरलं. आता कुणाला बोलायला जागा ऱ्हायली न्हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय आई, जातो की," कृष्णात म्हणाला. दुसरं काय म्हणणार? स्वप्नाली गेल्याला नऊ-दहा दिवस झाले होते. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते एवढ्या एका खाटेला.

टाळेबंदीतला तो मे महिना आठवत असेल तुम्हाला. गगनबावड्याच्या रस्त्याला लागून असलेल्या या गावानंही वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. गावच्या समितीचा पुढारी झाला होता कृष्णात. आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं त्या माणसाच्या हातात शिट्टी आणि काठी आली, आणि मग काय, गडी जमिनीवर चालेना. दूध घालायला जाणाऱ्या बायकांनाही तो दोन हातांचं अंतर काठीनं मोजून दाखवायचा.

अशातच एका सकाळी फांद्यांच्या पलीकडे त्याची धाकटी बहीण येऊन उभी राहिली. नवरा वारल्यापासून ती पुण्यात एका कारखान्यात शर्ट शिवायची. कारखाना बंद पडला, खोलीमालकानं बाहेर काढलं. भाजीच्या ट्रकमधून ती कोल्हापुरापर्यंत आली आणि तिथून रात्रभर चालत गावापर्यंत. चपलेचा एक अंगठा तुटून दोरीनं बांधलेला होता.

"दादा, आईला बघायला आलोय. लांबनंच बघतो. गोठ्यात झोपतो," ती म्हणाली.

आता खरं सांगायचं तर, शेजारच्या गुंडूनं त्या वेळी मोबाईल वर धरला नसता, तर कृष्णातनं तिला आत घेतलंही असतं. पण मोबाईल चालू होता. कृष्णातचा आवाज आपोआप चढला.

"भायरनं आलेल्यांनी शाळा भरलीया. माझी बहीण म्हणून नियम मोडायचा न्हाय. गुऱ्हाळात ऱ्हायचं, चौदा दिस. ओढा वलांडायचा न्हाय."

स्वप्नाली अगदी सावकाश म्हणाली, "बरं. चौदा दिस. पन ते भरलं की मी घरात येनार, दादा. तवा अडवून दाव."

व्हिडिओ पार कुरुंदवाडपर्यंत फिरला. 'असा भाऊ गावोगावी हवा' असं लोकांनी लिहिलं. तालुक्यातल्या कुठल्याशा मंडळानं त्याला प्रमाणपत्रही पाठवलं, कोरोना योद्धा म्हणून. ते त्यानं भिंतीवर लावलं.

भाकरी मात्र तो रोज नेऊन द्यायचा, हे कबूल करायला हवं. फडक्यात बांधून बांधावर ठेवायची, "भाकरी ठेवलीया" म्हणून ओरडायचं आणि उत्तराची वाट न बघता मागं फिरायचं. पहिली गेली. दुसऱ्या दिवशीची तिसऱ्या दिवशी तशीच दिसली. कृष्णातला वाटलं, रुसली. लहानपणी रुसली की ती दोन दोन दिवस ताटाला शिवायची नाही. बसू दे रुसून, म्हणून त्यानं शेजारी दुसरं गाठोडं ठेवलं, चौथ्या दिवशी तिसरं. पाचव्या दिवशी वारा फिरला आणि गुंडूला वास आला.

पांढऱ्या पोशाखातली माणसं तिला घेऊन गेली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. ऊन लागलं म्हणाले, अंगातलं पाणी संपलं म्हणाले. ओढा आटलेला होता. गुऱ्हाळावर पाणी होतं ते फक्त बोअरचं, आणि मोटारीच्या पेटीची किल्ली पाचही दिवस कृष्णातच्या खिशात होती. तो विसरला होता. जिवाच्या आकांतानं ती पेटी कुणीतरी दगडानं ठेचायला बघितली होती, हे त्यानं बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही. घरात सुतक पाळलं नाही, दिवस घातले नाहीत, कारण आईला कळलं असतं. बायकोला, स्नेहलला, त्यानं दम भरला होता. आई वाटीत जोंधळे टाकत राहिली आणि हा "अजून सहा दिस", "अजून चार दिस" म्हणत राहिला. आईचं काळीज हे सोसायचं नाही, असं तो स्वतःला सांगायचा. त्यात थोडं खरंही होतं. आईवर त्याचा जीव होता.

तर आज त्याचा बेत असा होता की तासभर गुऱ्हाळाजवळच्या आंब्याखाली बसायचं आणि घरी जाऊन सांगायचं, स्वप्ना रागानं पुण्याला माघारी गेली.

वाटेवर चिटपाखरू नव्हतं. टाळेबंदीतली दुपार ती. ना ट्रॅक्टर, ना स्पीकर, ना पोरांचा दंगा. आंब्याखाली तो टेकला आणि त्याला काकवीचा वास आला. कढईतल्या उकळत्या रसाचा, गोड, घशाला लागणारा. गुऱ्हाळ मार्चमध्येच बंद झालं होतं. चुलवाणात राखसुद्धा उरली नव्हती.

त्यानं मान वळवून बांधाकडे बघितलं. बांधावर तीन फडकी वाळत घातली होती. त्यानं भाकरी बांधून आणलेली तीच. पोलिसांनी ती नेली होती, त्याच्या डोळ्यांदेखत. आता धुऊन, पिळून, ओळीनं पसरून ठेवली होती आणि त्यांतून थेंब थेंब पाणी गळत होतं. कृष्णातनं खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती...

तो पळाला नाही, पण चाललाही नाही. दहा मिनिटांच्या वाटेला दुपार कशी सरली कळलं नाही, घरी पोचला तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती.

स्नेहल गोठ्याच्या दारात चरवी घेऊन उभी होती. घराचं दार बंद होतं.

"आतनं कडी हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी धार काढत होतो. मागं बघितलं तर दार लावलेलं."

"कडी कोन लावनार? आई तर..."

"तेच की."

आतून बोलण्याचा आवाज येत होता. आईचा एक, आणि दुसरा इतका हळू, की शब्द लागत नव्हते. मध्येच आई हसली. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती. मग फरशीवर पावलं वाजली. एक जोडी, आणि तिच्यामागून आणखी एक.

"आई..." कृष्णातनं दारावर थाप मारली. "आई, दार उघड. मी हाय."

आतलं सगळं थांबलं.

"कुठनं आलास?" आईनं विचारलं. आवाज दाराला अगदी लागून होता.

"गुऱ्हाळावनं."

आत कुजबूज झाली. बराच वेळ झाली.

"मग आत येऊ नगंस. स्वप्ना म्हनती, भायरनं आलेल्याला चौदा दिस घरात घ्यायचं न्हाय. नियम म्हंजे नियम."

कृष्णात उंबऱ्याशी बसला आणि रडला. मोठ्यानं रडला, लाज न ठेवता. चुकलं म्हणाला, किल्ली विसरलो म्हणाला, स्वप्ने, तुझ्या पाया पडतो म्हणाला. शेजारची माणसं बाहेर आली आणि तोंडाला पदर, रुमाल लावून दोन दोन हात अंतरावर उभी राहिली. पुढे कुणी आलं नाही. गुंडूनं मोबाईल काढला नाही, एवढंच.

मग त्यानं गोठ्यातली पहार उचलली.

"दार फोडू नगंस," आतून आई म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता, घाबरलेला. "कृष्णात... ती म्हनती, दार फोडलंस तर आई तुला दिसनार न्हाय. गुऱ्हाळात जा. चौदा दिस काढ, मग आई तुझी. जा बाबा... लवकर जा."

पहार त्याच्या हातातून गळून पडली. तो उठला. मागे कडी निघाल्याचा आवाज झाला, तेव्हा त्यानं वळून बघितलं. दार वीतभर उघडलं होतं. आत दिवा नव्हता. "स्नेहल, तू ये," आई म्हणाली, आणि स्नेहल चरवी खाली ठेवून निमूट आत गेली. दार पुन्हा लागलं.

आईसाठी म्हणून तो गुऱ्हाळाकडे चालू लागला. चौदा दिवस म्हणजे काय, ते काढता येतील, असं तो पुटपुटत होता. आकाशात अजून तांबडं होतं. बांधावर आता काही नव्हतं.

गुऱ्हाळातली जमीन कुणीतरी झाडून, पाणी शिंपडून ठेवली होती. कोपऱ्यात वाकळ अंथरली होती. कृष्णात जवळ गेला आणि वाकून बघितलं. कडेला हिरवी ठिगळं, मध्ये वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा. आईनं स्वतः शिवलेली वाकळ. दुपारी तो निघाला तेव्हा ही आईच्या अंगाखाली होती.

त्यानं कसाबसा मोबाईल काढला. स्नेहलनं लगेच उचलला.

"आई कशी हाय?"

"बऱ्या हाईत की. जेवल्या."

"तिच्या अंगाखालची वाकळ... ती कुठं हाय?"

"वाकळ?" स्नेहल शांतपणे म्हणाली. "हितंच हाय. दोघी बसल्यात की तिच्यावर."

कृष्णातनं वाकळीवर हात ठेवला. ती उबदार होती, मध्ये कुणीतरी निजून नुकतंच उठावं तशी दबलेली, आणि त्या खळग्यात औषधी तेलाचा वास होता, रोज सकाळी तो स्वतः आईच्या उजव्या हाताला चोळायचा त्याचा.

"स्नेहल," तो म्हणाला, "आईला फोन दे."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कुणीतरी श्वास घेतला. आणि मग, फोनमधून नव्हे, गुऱ्हाळाच्या बाहेरून, बंद मोटारीच्या पेटीच्या बाजूनं आईचा आवाज आला, तहानलेला, बारीक.

"कृष्णात... वाईच पानी दे रं."