होग्लाच्या घराची उत्तर भिंत

गेबा गावात पथह्या याजकाच्या हाताखाली मी अकरा वर्षं काम केलं. भिंतीवर डाग उठला, की घरधन्यानं येऊन एवढंच सांगायचं, की घरात डागासारखं काहीतरी दिसतंय. घर अशुद्ध ठरवायचा अधिकार फक्त याजकाचा. त्यानं म्हणेपर्यंत काहीच अशुद्ध नसतं. पथह्या डोळ्यांना दिसलं त्याहून जास्त कधी बोलला नाही, आणि कमीही नाही. काढलेला डाग परत आला, म्हणून सख्ख्या भावाचं घर त्यानं पाडायला लावलं होतं. भाऊ त्या हिवाळ्यात उघड्यावर खोकून खोकून गेला.

जवाची कापणी झाल्यावर होग्ला आली. विधवा, तीन मुली, विणकामावर पोट. राहायला ते एकच घर. आम्ही पोचलो तेव्हा माग, जातं, रांजण सगळं अंगणात काढलेलं होतं; याजक आत शिरण्याआधी बाहेर काढलेलं अशुद्ध ठरत नाही. उत्तरेच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग होता, चार बोटं रुंद.

शेजारीण छपरावरून म्हणाली, "घरात पुरुष नाही ना, भिंतच लाजून लाल झाली."



सात दिवस दार बंद ठेवलं. डाग दहा बोटं झाला. तिथले दगड काढून गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकले. नवे दगड मी स्वतः बसवले, वर गिलावा केला. पुन्हा तपासायला गेलो तेव्हा भर दुपार होती, दारातून उजेड थेट भिंतीवर पडला होता. नव्या गिलाव्यावर डाग परत आला होता. तो मी पाहिला, होग्लानंही पाहिला. आता घर पाडण्याखेरीज नियमात काही उरलं नव्हतं.

होग्ला रडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हटलंत तरच घर अशुद्ध ना? मग म्हणू नका."

पथह्यानं अंगणातल्या मुलींकडे पाहिलं.

"शुद्ध आहे," तो म्हणाला.

डाग नव्हता. फिका पडला नाही, सरकला नाही. नव्हताच. होग्लानं पांढऱ्या भिंतीला गाल लावला. पथह्या मात्र त्याच जागेकडे बघत राहिला.

मग तो दर आठवड्याला तिथे जाऊ लागला. कोऱ्या भिंतीवर बोटं मांडून मोजायचा. वीस. एकतीस. त्याचं जेवण सुटलं. एकदा त्यानं विचारलं, "तुला खरंच दिसत नाही?" मी नाही म्हणालो. शब्द मागे घ्या, असंही सुचवलं.

"आणि त्या चौघी कुठे जातील?" तो म्हणाला.

द्राक्षं उतरवायच्या आधी आम्ही पुन्हा गेलो. होग्ला आमच्याकडे पाठ करून मागावर बसली होती. मुली बाहेर मसूर निवडत होत्या. पथह्यानं भिंतीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

मी जवळ गेलो.

गिलाव्याला तडा नव्हता. भोक नव्हतं.

हात मनगटापर्यंत आत होता.

मागाचा आवाज थांबला. मान न वळवता होग्लानं विचारलं, "बाबा, घर शुद्ध आहे ना?"

"शुद्ध आहे, पोरी."

ती भिंत वीतभर जाडीची आहे. पथह्याचं कोपर आत गेलं होतं.